हबीबभाई मागं बसायचे

मंगळवार, अठरा फेब्रुवारी. सकाळी दहा. ट्रेनिंग हॉल.

हजर: पाहणीसाठी बाहेरून आलेले दोघे. प्लँटचे मोठे साहेब. पर्सोनेलचे एक अधिकारी. निवडलेले बारा कायम कामगार. इतिवृत्त लिहायला मी, मोरे, क्वालिटी ऑफिस.

गैरहजर: कोणी नाही.

हा कागद अजून माझ्याकडे आहे. बाराव्या क्रमांकावर शेख हबीब, अंतिम तपासणी. नावापुढं मी 'पाच मिनिटं उशिरा' असं लिहिलंय. खरं तर ते वेळेवर आले होते. पुढच्या रांगेत जागा असताना मागं खुर्ची शोधत राहिले, त्यात पाच मिनिटं गेली. शेवटची नोंद, 'गैरहजर: कोणी नाही', हीसुद्धा बरोबर नाही. पण ते मला त्या दिवशी लिहिताना सुचलं नव्हतं.

आमची कंपनी मोटारी बनवायची. प्लँट शहराबाहेर, पैठण रस्त्याला. नाव लिहीत नाही. कंपनी गिऱ्हाइकांशी आणि कामगारांशी नीतीनं वागते का, याची ती पाहणी होती. पास झालं की प्रमाणपत्र मिळणार होतं. प्रश्न सतरा, प्रत्येकापुढं पाच चौकोन, 'अजिबात नाही'पासून 'पूर्णपणे'पर्यंत. बारा कामगार साहेबांनी स्वतः निवडले. त्यात हबीबभाईंचं नाव त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं. हबीबभाई कंपनीबद्दल वाईट बोलणार नाहीत, हे प्लँटमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

लाइनवरून उतरलेली गाडी शोरूमकडं जाण्याआधी शेवटची हबीबभाईंच्या हातून जायची. बाकीचे तपासनीस पुढचं दार उघडून स्टिअरिंगवर बसायचे, हॉर्न वाजवायचे, आरसा नीट करायचे. हबीबभाई आधी मागचं दार उघडायचे. मागं बसून पाठ टेकायचे, डोळे मिटायचे आणि मिनिटभर तसेच राहायचे. नव्यानं आलेल्यांना वाटायचं, म्हातारा झोपला.

"भाई, उतरा, गाव आलं," लाइनवरचे चिडवायचे.

"देवगाव आया क्या?" ते डोळे न उघडता विचारायचे. "फिर चाय बोलो."

त्यांचं गाव देवगाव रंगारी. वडील कापड रंगवायचे. रंग धरला की नाही हे वडील कापड उलटं करून बघायचे, आणि ती सवय मुलात जशीच्या तशी उतरली होती. कँटीनमध्ये थाळी घेतली की आधी तिची पाठ बघायचे. चपला घेताना तळ. मी यादी दिली की समोरची बाजू वाचायच्या आधी पालथी करून मागची कोरी बाजू बघायचे.

"मागं काही नसतं, भाई."

"बघू तर द्या, मॅडम. तुम्ही काय काय नाय लिहिलं ते."

मी चिडायचे. माझ्या याद्या पूर्ण असतात.

मागंच का बसता, असं एकदा विचारलं होतं. तेव्हा रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "गाडी घेणारा पुढं बसतो, मॅडम. त्याची आई मागं बसती. घेणारा इथं तक्रार करायला येतो. आई येती व्हय?"

त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. तरुणपणी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करताना गेली. ही गोष्ट ते कुणालाही सांगायचे, आणि दर वेळी कंपनीची बाजू घेऊन सांगायचे. त्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी स्वतःच्या गाडीत घालून त्यांना पुण्याला नेलं. तीन महिने पूर्ण पगार दिला. परत आल्यावर प्रेसवर उभं न करता तपासणीचं हलकं काम दिलं. "चूक माझी होती," ते म्हणायचे. "मशीनची जाळी वर ठेवून हात घातला मी. तरी कंपनीनं सोडलं नाय मला. लई मोठी गोष्ट हाय ही." मग तो हात पुढं करून दाखवायचे, जणू तीच पावती. युनियनची सभा असली की ते मागच्या दारानं निघून जायचे. मिठाला जागणारा माणूस, असं साहेब म्हणायचे. युनियनवाले वेगळा शब्द वापरायचे.

ती पाहणी व्हायच्या आधीच्या दिवाळीआधी एक गोष्ट घडली.

गाड्या आतून साफ करायला ठेकेदाराच्या बायका होत्या. त्यांतली एक कमलबाई, मुकुंदवाडीहून यायची. चाळिशीची, कामाला खणखणीत, तोंडानं त्याहून. गुडघ्यावर बसून मागच्या सीटखाली व्हॅक्यूमचा पाइप फिरवायचा, असं तिचं काम. सीटचे पट्टे मध्ये येऊ नयेत म्हणून आधी ते बकलात लावून घ्यायचे. एका दुपारी ती उठताना आधाराला पट्टा धरून उठली, तर पट्टा बकलातून सुटून तिच्या हातात आला. ती तशीच मागं पडली.

मी चेकशीट गोळा करायला तिथंच होते.

"भाई, हे बघा. धरून उठले तर निसटलं."

"लॉक लागलं नसंल, कमलबाई."

"लागलं व्हतं. टक् झालं ना. मी कान उघडे ठेवून काम करते, तुमच्यावाणी डोळे मिटून नाय."

हबीबभाई मागं जाऊन बसले. पट्टा लावला, सरळ ओढला. सुटला नाही. मग बाजूला कलंडून आडवा हिसका दिला. सुटला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा हिसका दिला. मग दुसरी गाडी, तिसरी. उभ्या असलेल्या नऊ गाड्यांपैकी चार गाड्यांत तेच. गाडी कलंडली की पट्टा सोडून देणार होता, आणि त्याआधी 'टक्' वाजवून लागल्याची खात्रीही देणार होता.

दोष कळवायचा एक फॉर्म असतो. हबीबभाई तो माझ्याकडून घेऊन म्हणाले, "कमलबाईचं नाव टाका. तिनं पकडलं."

"पहिला रकाना टोकन नंबरचा आहे, भाई. ठेकेदाराच्या लोकांना टोकन नसतं."

"नाव तर हाय ना तिला."

"फॉर्म परत येईल."

"राहू द्या," कमलबाई म्हणाली. "मला काय करायचंय नाव. माझी कंबर बघा आधी."

त्यांनी स्वतःचा नंबर टाकला आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं 'कमलबाई, मुकुंदवाडी' असं लिहिलं. मागच्या बाजूची झेरॉक्स काढत नाहीत. मीही काढली नाही.

पुढं सगळं नियमाप्रमाणं झालं. यार्डातल्या गाड्या होल्डवर गेल्या, नवी बकलं आली, बसली. राहिला प्रश्न आधीच विकलेल्या गाड्यांचा. गाड्या परत बोलवायच्या तर पेपरात जाहीर करावं लागतं, आणि नवीन मॉडेल दोन महिन्यांवर आलेलं. साहेबांनी तोडगा काढला: गाडी सर्व्हिसला आली की शोरूमनं बकल फुकट बदलायचं आणि त्याबद्दल काही बोलायचं नाही. ते परिपत्रक मी टाइप केलं. विषयाच्या ओळीत 'सर्व्हिस सुधारणा' हे शब्द माझे. साहेबांना आवडले.

हबीबभाईंनी परिपत्रक पालथं केलं, सुलटं केलं, वाचलं.

"मॅडम, देवगावचा माणूस फुकटच्या सर्व्हिशी संपल्यावर शोरूमला येतो व्हय? त्यो गावच्या मिस्त्रीकडं जातो. त्याचं बकल कोण बदलणार?"

"ते आपल्या कक्षेत नाही, भाई."

"हां," ते म्हणाले. दुपारी नेहमीप्रमाणं मागं बसून गाड्या तपासल्या.

महिन्याभरानं ठेकेदाराची नवी यादी आली, त्यात कमलबाई नव्हती. मी चौकशी केली. कंपनीनं तिला काढलं नव्हतं. कंपनी काढूच शकत नव्हती, कारण ती कंपनीची नव्हती. ठेकेदारानं फक्त यादी बदलली होती. कागदात कुठंही खोट नव्हती. असे कागद मी ओळखते, मीच बनवते.

तर अठरा फेब्रुवारी. ट्रेनिंग हॉलमध्ये पाहुण्यांनी प्रश्नावली वाटली. अकरा जणांनी दहा मिनिटांत चौकोन भरले. हबीबभाईंनी आधी कागद पालथा केला. मग हात वर केला, दोन बोटं कमी असलेला.

"साहेब, हे 'कामगारांशी' लिहिलंय. कोणते कामगार?"

"कंपनीचे," पाहुणे म्हणाले.

"आमच्या मागच्या सीटा कमलबाई साफ करायची. ती यात धरायची का?"

पाहुण्यांनी पर्सोनेलकडं पाहिलं. पर्सोनेलनं साहेबांकडं.

"हबीब," साहेब मायेनं म्हणाले, "तुझ्याशी कंपनी कशी वागली, तेवढं लिही. बस."

"माझ्याशी लई चांगली वागली, साहेब. ते लिहितोच."

पुढं अर्धा तास ते लिहीत होते. बाकीचे चहाला गेले. मी समोरच बसले होते, म्हणून मला दिसत होतं की ते लिहून थांबतात, हाताकडं बघतात, पुन्हा लिहितात. त्या माणसाला काय जड जात होतं, ते मला कळत होतं. ज्या हातानं लिहायचं, तो हात कंपनीनं वाचवलेला. शेवटी कागद माझ्यापुढं ठेवून ते गेले. चौकोन सगळे कोरे. मागच्या बाजूला तीन ओळी होत्या:

'माझ्याशी कंपनी चांगली वागली. कमलबाईशी कशी वागली ते कमलबाईला बोलवून विचारावे. गिऱ्हाइकाशी कशी वागली ते मला माहीत आहे आणि कंपनीलाही माहीत आहे, म्हणून मी खूण करू शकत नाही.'

संध्याकाळी साहेबांनी तो वाचला. रागावले नाहीत. "चौकोन भरले नाहीत ना? मग अपूर्ण," म्हणाले. मी कोपऱ्यात 'अपूर्ण' लिहून तो कागद बाजूला ठेवला आणि अकरा कागदांची सरासरी काढली. उत्तम आली.

प्रमाणपत्र रिसेप्शनमध्ये, पाण्याच्या यंत्राच्या वर लागलं. हबीबभाई रोज तिथं पाणी प्यायचे. एकदा मी शेजारी उभी असताना मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार.

"फ्रेम चांगली हाय," म्हणाले, आणि ग्लास विसळून ठेवला.

मे अखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. भाषणात त्यांनी पुण्याच्या हॉस्पिटलची गोष्ट पुन्हा सांगितली, सगळी, आणि शेवटी त्यांचा आवाज भरून आला. ते नाटक नव्हतं.

जूनच्या मध्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. व्हिजिटरचा पास गळ्यात.

"मॅडम, सर्व्हिसला न आलेल्या गाड्यांची यादी असंल ना तुमच्याकडं?"

होती. दर महिन्याला मीच अद्ययावत करायचे. गाडीचा नंबर, मालक, गाव. जिल्ह्यातल्या अडतीस गाड्या उरल्या होत्या.

"कशाला हवी?"

"कंपनी म्हणती, गाडी आली तर बदलून देऊ. बरोबर हाय कंपनीचं. मी आणतो गाड्या."

"ती यादी बाहेर देता येत नाही, भाई."

"व्हय, ते पण बरोबर," ते म्हणाले. "विचार करा. मी काय उद्या मरत नाय."

मी यादी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. द्यायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. रोजच्या कामांच्या यादीत लिहीत होते: 'हबीबभाई, यादी.' कधी ऑडिट होतं, कधी साहेब रजेवरून परत यायचे होते, कधी नुसतंच उद्यावर गेलं. अकरा आठवडे गेले. दोन सप्टेंबरला मी सिटी चौकात त्यांना भेटून लिफाफा दिला. त्यांनी उशिराबद्दल एक शब्द काढला नाही. लिफाफा उघडून यादी आधी पालथी केली.

त्यानंतरचं मला कमलबाईकडून कळलं. हबीबभाईंनी तिला सोबत घेतलं होतं. "बायामाणसं घरात असली तर तुम्ही बोला, आणि हिसका तुमच्याइतका मला जमत नाय," असं म्हणून. कधी एसटीनं, कधी त्यांच्या जुन्या स्कूटरवर. गावात जायचं, गाडी शोधायची, मागचं दार उघडायला लावायचं.

देवगावातच एक जण अडून बसला होता. कमलबाईनं ते मला साग्रसंगीत सांगितलं.

"तुम्हाला कंपनीनं पाठवलं का?" मालकानं विचारलं.

"नाय," हबीबभाई म्हणाले.

"मग शोरूमनं?"

"नाय."

"मग तुम्हाला यात काय मिळतंय?"

"चहा मिळंल का?"

मालक काही हसला नाही. म्हणाला, "माझी गाडी चांगली हाय. उगं नाट लावू नका." तेव्हा कमलबाई मागच्या सीटवर चढली, पट्टा लावला, मालकाला 'टक्' ऐकवलं आणि आडवा हिसका देऊन पट्टा त्याच्या हातात ठेवला. अंगणात त्याची म्हातारी आई शेंगा फोडत बसली होती. मालकानं आईकडं पाहिलं, हातातल्या पट्ट्याकडं पाहिलं. मग चहा आला.

प्रत्येकाला ते स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी द्यायचे: 'शोरूमला जाऊन मागचे बकल बदलून घ्यावे. पैसे पडत नाहीत. शेख हबीब', आणि खाली टोकन नंबर, जो आता त्यांचा नव्हता. शोरूमवाल्यांना परिपत्रक होतंच. ते मुकाट्यानं बदलून द्यायचे. कंपनीचा एकही नियम मोडला गेला नाही. माझ्या महिन्याच्या अहवालात न आलेल्या गाड्यांचा आकडा खाली येत गेला, आणि साहेबांनी शोरूमचं अभिनंदन केलं. ते अभिनंदनाचं पत्रही मीच टाइप केलं.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी गेटवरून निरोप आला, हबीबभाई आलेत, आत येत नाहीत. मी बाहेर गेले. ते फार वाळले होते. हृदयाचं काहीतरी निघालं होतं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. त्यांनी तोच लिफाफा माझ्या हातात दिला.

"संभाळा. तुमची यादी हाय."

मी तिथंच उघडली. छत्तीस गाड्यांपुढं बरोबरची खूण. एका ओळीपुढं काहीच नाही: फर्दापूरची गाडी, लेण्यांच्या पर्यटकांना फिरवणारी. आणि एका ओळीपुढं, कन्नडकडच्या एका गाडीपुढं, खूण नाही, नुसती तारीख: नऊ ऑगस्ट.

"ही तारीख कसली?"

"आम्ही गेलो तवा गाडी नव्हती. घाटात उलटली होती. त्या तारखेला."

नऊ ऑगस्टला यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. हे हिशेब मला करावे लागत नाहीत, आपोआप होतात.

"मागं कोण होतं का?" मी विचारलं.

"मी नाय विचारलं, मॅडम. तुम्ही पण नका विचारू."

मग म्हणाले, "ते फर्दापूरचं तेवढं राहिलं. रोज वेगळी माणसं बसतात मागं त्याच्या. बघा जमलं तर."

"बघते," मी म्हणाले.

त्यांनी रिक्षाला हात केला. रिक्षात मागंच बसायचं असतं. बसले, पाठ टेकली, आणि त्यांचा तो तीन बोटांचा हात सवयीनं खांद्यामागं पट्टा शोधायला गेला. रिक्षाला कुठला पट्टा. हात तिथं रिकामा चाचपडत राहिला, मग त्यांच्याच लक्षात आलं आणि ते माझ्याकडं बघून हसले. रिक्षा पैठण रस्त्यानं शहराकडं गेली. बावीस दिवसांनी ते गेले. साहेबांच्या वतीनं शोकपत्र मी टाइप केलं. कमलबाई त्यांच्या घरी भेटली. "ताई, फर्दापूरला कधी जायचं?" एवढंच विचारलं. मी तारीख कळवते म्हणाले.

त्याला आता चार वर्षं झाली. मी सकाळी कामांची यादी करते, संध्याकाळी झालेली कामं खोडते, राहिलेली दुसऱ्या दिवशीच्या यादीत घेते. यात काही कठीण नाही. फर्दापूर फार लांबही नाही. सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारी परत येता येतं. तिथं पोचल्यावर गाडी असेल, किंवा गाडीऐवजी एक तारीख असेल.

आजची यादी: वीजबिल. गॅस. बँकेत सही. कपाटाचं कुलूप. कमलबाईला फोन. औषधं. फर्दापूर.

सातांपैकी सहा कामं झाली.